घाटापुरतं इंजिन

पावसाळ्यात शनिवार-रविवारी कर्जत-खालापूरकडे येणाऱ्या मुंबईकर पाहुण्याला आमच्या भागातल्या तीन गोष्टी हमखास आवडतात : डोंगरावरून उतरणारे धबधबे, पाण्यानं भरलेली भाताची खाचरं आणि कर्जत स्टेशनातला बटाटेवडा. चौथी गोष्ट त्याला दिवेलागणीनंतर कळते. वारा सुटतो, आभाळात एकदा लखकन होतं आणि सगळे दिवे एकदम जातात. पाहुणा विचारतो, "आता कधी येतील?" या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नसतं, नुसता अनुभव असतो. यजमान शांतपणे म्हणतो, "बसा हो, इन्व्हर्टर आहे." आणि खरोखरच क्षणभर अडखळलेला पंखा पुन्हा फिरू लागतो.

"इन्व्हर्टर आहे" हे शब्द आता आमच्याकडे "विहिरीला पाणी आहे" या चालीवर उच्चारले जातात. घर भाड्यानं द्यायचं तर स्टेशनपासूनचं अंतर आणि चोवीस तास पाणी यांच्या जोडीला तेही सांगितलं जातं. या शब्दांपाशी जरा थांबावं, असं मला बरेच दिवस वाटत होतं. कारण ज्या दोन तालुक्यांत ते इतक्या सहजपणे बोलले जातात, ते विजेच्या बाबतीत साधेसुधे तालुके नाहीत. मुंबईचे दिवे ज्यांच्या जोरावर लागले, ते हे तालुके.

खोपोली खालापूर तालुक्यात आहे आणि भिवपुरी कर्जत तालुक्यात. घाटमाथ्यावर कोसळणारा पाऊस अडवावा, ते पाणी मोठ्या नळांतून पायथ्याला सोडावं आणि त्याच्या जोरावर मुंबईच्या गिरण्या चालवाव्यात, ही कल्पना जमशेटजी टाटांनी मनावर घेतली होती. ती प्रत्यक्षात आलेली पाहायला ते राहिले नाहीत. १९०४ साली ते गेले. पुढे १९१० साली टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी निघाली, फेब्रुवारी १९११ मध्ये लोणावळ्याला पायाभरणी झाली आणि १९१५ साली सुमारे सतराशे फुटांवरून येणाऱ्या पाण्यावर खोपोलीची यंत्रं फिरू लागली. १९२२ साली ठोकरवाडीच्या पाण्यावर भिवपुरीचं केंद्र सुरू झालं आणि १९२७ साली मुळशीच्या पाण्यावर भिऱ्याचं. मुळशीची गावं बुडाली, त्यासाठी सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. त्या पाण्याची वीज कुठे गेली, हे मात्र शाळेत कुणी विचारत नाही.

ती मुंबईला गेली. खोपोलीहून निघालेल्या तारा थेट परळला पोचल्या. त्या आमच्या शेतांवरून, वाड्यांवरून, नदीवरून गेल्या, पण वाटेत उतरल्या नाहीत. आमच्याकडे गावोगाव वीज आली ती मुख्यतः १९६० साली महाराष्ट्र राज्य वीज मंडळ स्थापन झाल्यानंतर. तोवर वीजकेंद्राच्या पायथ्याच्या खेड्यांत दोन पिढ्या कंदिलाच्या काचा राखेनं पुसत राहिल्या.

या व्यवहारात आम्हाला काहीच मिळालं नाही, असं म्हणणं खोटेपणाचं होईल. यंत्रं फिरवून झाल्यावर खाली आलेलं पाणी खोपोलीला पाताळगंगेत जातं आणि भिवपुरीला पेज नदीत. त्या पाण्यामुळे पेज बारमाही वाहते आणि राजनाल्यावर उन्हाळ्यातही भाताची लावणी होते. मुंबईला उजेड आणि आम्हाला पाणी, असा तो एक न लिहिलेला करार आहे. मात्र त्यातली मेख अशी, की नदीला पाणी कधी आणि किती यायचं हेही दूरच्या शहराला वीज कधी आणि किती हवी यावर ठरतं.

मुंबईनं आपल्या उजेडाची काळजी पुढेही नीट घेतली. राज्याच्या वीजजाळ्यात मोठा बिघाड झाला तर मुंबईनं स्वतःला त्यातून सोडवून घ्यायचं आणि ट्रॉम्बेच्या औष्णिक व घाटाखालच्या जलविद्युत केंद्रांवर आपले दिवे चालू ठेवायचे, अशी योजना १९८१ साली अमलात आली. तिला 'आयलंडिंग' म्हणतात, म्हणजे विजेच्या समुद्रात मुंबईचं बेट करणं. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी हे बेटही बुडालं. लोकलगाड्या जागीच उभ्या राहिल्या आणि देशभर त्याची बातमी झाली. त्या दिवशी शहराला पुन्हा उभं करायला याच जलविद्युत केंद्रांचा उपयोग झाला. पाण्यावरची यंत्रं काही मिनिटांत सुरू करता येतात. कोळशाच्या भट्टीला तापायला वेळ लागतो.

कर्जतचं असं बेट कुणी केलं नाही. २००५ नंतरची सात-आठ वर्षं भारनियमनाची गेली. वीज मंडळाच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या आणि ज्या वाहिनीवर गळती व थकबाकी जास्त तिला अंधारही जास्त, असे गट पडले. प्रामाणिकपणे बिल भरणारा माणूस शेजाऱ्याच्या आकड्यापायी अंधारात बसू लागला. २०१२ च्या अखेरीस राज्याच्या बहुतेक भागांतून ते भारनियमन उठलं. पण त्या वर्षांत घरोघर आलेला इन्व्हर्टर गेला नाही. त्याला काम मिळतच राहिलं.

आज दिवे जातात ते वीज कमी पडते म्हणून नव्हे. राज्यात वीज असते, ती आमच्या खांबापर्यंत पोचत नाही. अकरा किंवा बावीस हजार व्होल्टची उघडी तार जंगलातून, भातशेतातून, ओढ्यावरून येते. साग-ऐनाची एखादी फांदी तिच्यावर टेकली, चिनीमातीचा एखादा इन्सुलेटर तडकला, की उपकेंद्रातला स्विच आपोआप पडतो आणि पंधरा-वीस गावं एकदम काळोखात जातात. मग भर पावसात, हातात बॅटरी घेऊन वायरमन त्या तारेखालून चालत निघतो. दोष कुठे आहे हे तारेखालून चालल्याशिवाय कळत नाही. जून २०२० च्या निसर्ग वादळात तर आमच्या रायगड जिल्ह्यातले खांबच्या खांब आडवे झाले आणि किनाऱ्यालगतच्या कित्येक गावांनी आठवडेच्या आठवडे दिवा पाहिला नाही.

तेव्हा घरात पर्यायी विजेची सोय हवी का, या प्रश्नाचं उत्तर 'हवी' असंच आहे. ज्या घरात दम्याचं यंत्र वापरणारे आजोबा आहेत, दहावीची मुलगी आहे किंवा बाळंतीण आहे, तिथे तर तो चैनीचा विषयच नाही. प्रश्न आहे तो किती आणि कशी, एवढाच.

मी ऐंशीच्या दशकात बँकेत लागलो आणि नोकरीतली काही वर्षं खोपोलीच्या परिसरात काढली. त्या वेळी दिवे गेले तर शाखेत पंखे तेवढे बंद पडत. जाडजूड खातेवह्या खिडकीशी नेऊन आम्ही काम चालू ठेवत असू, कारण त्या वह्यांना वीज लागत नसे. नव्वदच्या दशकात संगणक आले आणि त्यांच्या पाठोपाठ शाखेच्या मागच्या अंगणात जनरेटर आला. आता दिवे गेले की माणसाला त्याचे स्वतःचे पैसेही मिळेनात. विजेची गरज आपण बल्बच्या संख्येवर मोजतो, पण ती खरी मोजायची ती वीज गेल्यावर काय काय अडतं त्यावरून. आज घरातही तेच झालं आहे. पूर्वी अंधार व्हायचा. आता अंधाराबरोबर फोन, पाणी, मुलाचं शिक्षण आणि सुनेची घरून चालणारी नोकरी एवढं सगळं थांबतं.

कर्जदार लघुउद्योजकाच्या प्रत्येक प्रकल्प अहवालात तेव्हा एक ओळ ठरलेली असे : 'डिझेल जनरेटर संच'. साबणाचा कारखाना असो, कुक्कुटपालन असो नाहीतर आइस्क्रीमचा लहानसा धंदा. ती ओळ पाहून माझ्या मनात यायचं, की हा माणूस एका विजेसाठी दोनदा पैसे मोजणार आहे आणि दुसऱ्यांदा मोजण्यासाठी आमच्याकडे व्याज भरणार आहे.

किती सोय करावी, याचं उत्तर मला कर्जत स्टेशनात मिळालं. बोरघाटाचा चढ ३७ फुटांना १ फूट असा खडा आहे. म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या वर्षानुवर्षं कर्जतला थांबून मागून जादा इंजिनं जोडून घेत आल्या. (आपला बटाटेवडा प्रसिद्ध झाला तो या थांब्यामुळेच.) या जादा इंजिनाला रेल्वेच्या भाषेत 'बँकर' म्हणतात. आमच्या शाखेत खातं असलेले एक इंजिन ड्रायव्हर मला नेहमी म्हणायचे, "साहेब, बँकर तुम्ही आणि बँकर आमचं इंजिनही. फरक इतकाच, आमचा बँकर चढ लागला की येतो, तुमचा चढ लागला की जातो." विनोद झोंबणारा होता, पण हिशेब पक्का होता. बँकर घाटापुरता असतो. घाट संपला की त्याला सोडतात. त्याला जोडून कुणी सोलापूरपर्यंत नेत नाही.

घरातल्या बॅटरीचं हेच आहे. तिनं सगळं घर ओढायचं नसतं, चढापुरता हात द्यायचा असतो.

आता हा चढ किती, त्याचा जरा बँकेच्या पद्धतीनं हिशेब मांडू. घरोघर दिसते ती १२ व्होल्टची, १५० अँपिअर-अवरची बॅटरी. बारा गुणिले दीडशे म्हणजे १८०० वॉट-तास. ही झाली पासबुकात दिसणारी शिल्लक. पण सगळी काढता येत नाही. शिशाची बॅटरी पुन्हा पुन्हा तळापर्यंत उपसली तर लवकर मरते, म्हणून किमान शिल्लक राखायची. साठ टक्के वापरावी असं धरलं, तर १०८० उरतात. शिवाय बॅटरीतल्या विजेचं घरच्या विजेत रूपांतर करताना इन्व्हर्टर आपलं कमिशन कापतो, ते पंधरा टक्के धरू. हातात पडतात सुमारे ९०० वॉट-तास.

आता खर्चाची बाजू. ९ वॉटचे चार एलईडी दिवे म्हणजे ३६ वॉट, ७५ वॉटचे दोन जुने पंखे म्हणजे १५०, इंटरनेटच्या डबीचे १०. एकूण जवळजवळ २००. म्हणजे बॅटरी साडेचार तास पुरेल. रात्री दहाला दिवे गेले तर अडीचला घरातले सगळे घामाघूम होऊन उठतील. यावर दुकानदार सांगतो, दुसरी बॅटरी घ्या. मी सांगेन, आधी पंखे बदला. हल्ली ३० वॉटच्या आसपास चालणारे बीएलडीसी मोटारीचे पंखे मिळतात. तसे दोन लावले, तर एकूण भार २०० वरून सुमारे १०६ वर येतो आणि तीच बॅटरी आठ तास, म्हणजे रात्रभर पुरते. उत्पन्न वाढवता येत नसेल तर खर्च कमी करावा, हे आपल्या आयांनी कुठल्याही बँकेत न शिकता अमलात आणलेलं तत्त्व आहे.

"काका, फ्रीजपण टाकू का याच्यावर?" आमच्याकडे वायरिंग करायला आलेल्या मुलानं उत्साहानं विचारलं होतं. नको. दार न उघडता ठेवला तर फ्रीज तीन-चार तास थंडावा धरून ठेवतो. दार उघडून 'दूध नासलं का' हे दर दहा मिनिटांनी पाहणाऱ्या माणसापासून त्याला वाचवलं की झालं. पाण्याचा पंपही नको. अर्ध्या अश्वशक्तीचा पंप चालू होताना नेहमीच्या कित्येक पट वीज ओढतो आणि लहान इन्व्हर्टर तिथेच मान टाकतो. त्यापेक्षा वीज असताना गच्चीवरची टाकी भरून ठेवावी. उंचावर साठवलेलं पाणी हीच सगळ्यांत जुनी बॅटरी. खोपोलीचं वीजकेंद्र तरी दुसऱ्या कशावर चालतं? इस्त्री, गिझर आणि मिक्सर यांची तर नावंही काढू नयेत. चटणीला पाटा-वरवंटा आहे.

काही गोष्टी सोयीच्या नव्हेत, जिवाच्या आहेत. शिशाची बॅटरी चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो आणि तो पेट घेतो. म्हणून ती बंद कपाटात, गॅसच्या शेगडीशेजारी किंवा देवघराच्या समईखाली ठेवू नये. वारं खेळेल अशा जागी, लहान मुलांच्या हाताबाहेर ठेवावी. तिच्यात डिस्टिल्ड वॉटरच घालावं, नळाचं किंवा बोअरचं पाणी नाही. जनरेटर घरात, जिन्याखाली किंवा दारं लावलेल्या ओसरीवर चालवू नये. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे झोपलेल्या माणसाला तो उठवत नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचं. जनरेटरची वायर घरातल्या प्लगमध्ये उलटी खोचून घर उजळवणारे काही हुशार लोक असतात. मुख्य स्विच बंद न करता असं केलं, तर आपली वीज मीटरमधून उलटी बाहेर जाते, डीपीपर्यंत पोचते आणि तिथल्या ट्रान्सफॉर्मरमधून उलट दिशेनं चढून पुन्हा हजारो व्होल्टची होते. त्याच वेळी दोन मैलांवर, पावसात, 'तार मेलेली आहे' या विश्वासानं एक वायरमन खांबावर चढलेला असतो. आपल्या पंख्यासाठी आपण त्याचा जीव घेऊ शकतो आणि आपल्याला ते कळणारही नाही. चेंजओव्हर स्विच नावाची साधी वस्तू असते. एका वेळी कंपनीची वीज किंवा आपली वीज, दोन्ही एकत्र कधीच नाही, एवढंच ती पाहते. ती परवानाधारक वायरमनकडून बसवून घेतल्याखेरीज जनरेटरला हात लावू नये. फार्महाउसवर दोन दिवसांसाठी येणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं. त्यांच्या मेजवानीचा आवाज आम्ही सहन करू, पण खांबावरचा माणूस कुणाचा तरी मुलगा असतो.

सौरऊर्जेबद्दल हल्ली खूप विचारणा होते. २०२४ साली केंद्र सरकारनं घराच्या छपरावरच्या सौर पॅनेलसाठी 'पीएम सूर्यघर' योजना आणली, तिच्यात तीन किलोवॉटला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे. योजना चांगली आहे, बिल खरोखर कमी होतं. पण एक गोष्ट अनेकांना छपरावर पैसे घातल्यानंतर कळते : जाळ्याला जोडलेली साधी सौर यंत्रणा दिवे गेले की स्वतःही बंद पडते, मग बाहेर कितीही ऊन असो. यात लबाडी नाही. आपली वीज बाहेरच्या तारेत जाऊन त्याच वायरमनला लागू नये, म्हणून ती मुद्दाम तशी केलेली असते. दिवे गेल्यावरही ती चालावी असं वाटत असेल, तर बॅटरी असलेली हायब्रिड यंत्रणा घ्यावी लागते आणि तिचा खर्च वेगळा. शिवाय आमच्याकडे दिवे सर्वांत जास्त जातात ते जुलै-ऑगस्टमध्ये, आणि त्या महिन्यांत सूर्य आमच्याकडेही पाहुण्यासारखाच येतो, रविवारी, तोही नक्की नाही.

इथवरचा हिशेब घराचा झाला. पण बँकेत एक सवय लागते, ताळेबंदात न दाखवलेला खर्च शोधण्याची. चांगली बॅटरी सोळा हजारांना पडली आणि चार वर्षं टिकली, तर वर्षाचे चार हजार. आठ हजारांचा इन्व्हर्टर दहा वर्षं चालला, तर वर्षाचे आठशे. दोन्ही मिळून महिन्याला चारशे रुपये. विजेच्या बिलावर ही ओळ कुठेच छापलेली नसते, पण आमच्या भागातलं मध्यमवर्गीय घर ती दर महिन्याला भरत असतं. त्यात गळती वेगळी. बॅटरीत शंभर युनिट भरली तर सत्तरच्या आसपास परत मिळतात, बाकीची उष्णतेत जातात. एका घरात हे नगण्य वाटतं. गावच्या गाव हेच करतं, तेव्हा तो विजेवरचा एक खासगी कर होतो. तो देणाऱ्यालाही दिसत नाही आणि त्याची वसुली कुणाच्याही खात्यात जमा होत नाही.

आणि एवढं करूनही सगळं मिळत नाही. इन्व्हर्टर मला पंखा देतो, पाणी देत नाही. गावाच्या नळपाणी योजनेचा पंप माझ्या बॅटरीवर नाही. रात्रभर दिवे नसले की सकाळी नळ कोरडा असतो. मोबाइलच्या मनोऱ्यालाही आपल्या बॅटऱ्या असतात, त्या काही तासांनी संपल्या की माझा पूर्ण चार्ज केलेला फोन नुसता घड्याळ म्हणून उरतो. माझी सोय माझ्या कुंपणापाशी संपते. कुंपणापलीकडे आमच्या डोंगरांतल्या ठाकर-कातकरी वाड्या आहेत. तिथे चारशेची ओळ परवडणारं घर नाही, आणि तार तुटली तर तिथला नंबर सर्वांत शेवटी लागतो.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती या कुंपणाची. पूर्वी दिवे गेले की गावातला डॉक्टर, मास्तर, वाणी आणि शेतकरी सगळे एकाच वेळी अंधारात बसत. मग त्यातले चौघे उठून कचेरीत जात, अर्ज लिहीत, आवाज करत. अर्ज लिहिता येणाऱ्या माणसालाही उकडत होतं, म्हणून तो लिहिला जाई. आज अर्ज लिहिता येणाऱ्याच्या घरी पंखा चालू आहे. दिवे गेल्याचं त्याला कधीकधी टीव्ही बंद पडल्यावरच कळतं. ज्याच्या घरी खरोखर अंधार आहे, त्याचा आवाज कचेरीपर्यंत पोचत नाही. शाळा, दवाखाना, एसटी यांच्याबाबतीत आपण हे पाहिलेलंच आहे. ज्यांना परवडलं ते बाहेर पडले, आणि मागे राहिलेल्यांसाठी भांडायला कुणी उरलं नाही. विजेचंही तसंच होऊ घातलं आहे.

म्हणून इन्व्हर्टर घ्यावा, पण त्याच्याबरोबर गप्प बसण्याची सवय घेऊ नये. भिंतीवरच्या कालनिर्णयवर आपण दुधाचे आणि पेपरचे खाडे लिहितोच. तिथेच दिवे कधी गेले आणि कधी आले तेही लिहावं. मी गेली काही वर्षं लिहितो आहे. 'नेहमी जातात हो' या वाक्याला कुठल्याही कचेरीत किंमत नसते. तारीख, वेळ आणि कालावधी यांना असते. १९१२ हा आकडा वर आलेल्या सनांपैकी वाटेल, पण तो वीजतक्रारीचा टेलिफोन क्रमांक आहे. तिथे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून घ्यावा. वीजपुरवठा किती वेळात पूर्ववत व्हावा याच्या मुदती राज्याच्या वीज नियामक आयोगानं ठरवून दिल्या आहेत, मुदत चुकली तर भरपाईची तरतूद आहे आणि २००३ च्या वीज कायद्यानं ग्राहकांच्या गाऱ्हाण्यांसाठी मंच दिला आहे. पावसाळ्याआधी तारेलगतच्या फांद्या छाटल्या गेल्या का, गावातल्या गंजलेल्या खांबांची यादी कुणी केली का, हे मे महिन्याच्या ग्रामसभेत विचारता येतं. दोष त्या भिजणाऱ्या वायरमनचा नसतो. त्याच्या वाट्याला किती मैल तार आहे आणि तो एकटा का आहे, हेही त्याच्या बाजूनं आपणच विचारायला हवं.

दुसरं असं, की पहिली बॅटरी घरात बसवली असेल तर दुसरी घरात बसवण्याआधी गावाकडे पाहावं. इमारतीचा पाण्याचा पंप, शाळेतली एक खोली, वाडीच्या समाजमंदिरात दिवा आणि चार फोन चार्ज होतील एवढी सोय, आरोग्य उपकेंद्रातली बाळंतपणाची खोली. या जागा आधी उजळल्या पाहिजेत. लशींसाठी सरकारी दवाखान्यांत जे खास फ्रीज असतात, ते दिवसातून आठ तास वीज मिळाली तरी लस थंड ठेवतील असे बनवलेले असतात. कुणीतरी शांतपणे विचार केला, की कमीत कमी किती विजेवर हे काम निभेल. हाच विचार गावानं एकत्र बसून केला, तर खर्च वाटतो तितका होत नाही. दर घरानं महिन्याला द्यायच्या त्या चारशेतले वीस-पंचवीस रुपयेही त्याला पुरे पडतील.

हे आताच बोलायला हवं, कारण आमच्या डोंगरात पुन्हा एक मोठं काम होऊ घातलं आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य सरकार आणि टाटा पॉवर यांच्यात सामंजस्य करार झाला, त्यात भिवपुरीला १००० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प आहे. वीज जादा असेल तेव्हा पाणी वर चढवायचं आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करायची. आपल्या गच्चीवरच्या टाकीचाच हा प्रचंड अवतार. खरं म्हणजे राज्यासाठी बसवलेला इन्व्हर्टर. सूर्य आणि वारा यांच्यावर वीज करायची, तर असे प्रकल्प लागणारच. माझा त्याला विरोध नाही. शंभर वर्षांपूर्वी आमच्या आजोबा-पणजोबांना कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनीही काही मागितलं नव्हतं. या वेळी आम्ही साक्षर आहोत, मतदार आहोत, बिल वेळेवर भरणारे ग्राहक आहोत. तेव्हा जमीन, पाणी आणि डोंगर यांच्या बदल्यात फुकट वीज मागू नये. पायथ्याच्या गावांना न तुटणारी तार मागावी. जंगलातून जाणाऱ्या तारांना आवरण किंवा त्या भूमिगत करणं, दोन बाजूंनी पुरवठा, पुरेसे वायरमन, एवढंच. बँकेच्या भाषेत सांगायचं तर ही भीक नव्हे आणि अनुदानही नव्हे, हा ठेवीवरचा व्याजाचा हप्ता आहे. ठेव आम्ही १९१५ सालीच ठेवली आहे.